जिलेबीनंतरचा चहा आणि जेवणानंतरची गोड वाईन

मागच्या वर्षी माहीमला एका मैत्रिणीकडे जेवायला गेलो होतो, सगळी मिळून आठ माणसं, तिचे सासरेही होते, आणि ती आदल्या दिवशी फोनवर सहज बोलून गेली की काही आणू नकोस गं, आणायचंच असेल तर गोडाबरोबर प्यायला एखादी वाईन आण. मी लगेच ऐटीत जाऊन शिराझची बाटली घेतली, रेड, बऱ्यापैकी महागातली. मटणाबरोबर थोडी घेतली तेव्हा सगळे मस्त मस्त करत होते. मग आले गुलाबजाम. पाकातला गुलाबजाम खाऊन सगळ्यांनी त्याच वाईनचा एकेक घोट घेतला आणि टेबलावर एकदम शांतता. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या काकांनी, ग्लास हळूच खाली ठेवला आणि म्हणाले, "औषधी असेल."

वाईन तीच होती, बाटली तीच होती, अर्ध्या तासात तिचा काढा झाला. का झाला हे शोधायला मी जे काही वाचलं, विचारलं आणि (अभ्यासासाठीच हो) प्यायले, ते इथे सांगते, कारण हल्ली मुंबईत जेवायला जाताना वाईन नेणारे खूप झालेत पण गोडाबरोबरची कुठली न्यायची म्हटलं की सगळेच गडबडतात.

आधी जिलेबीचं बघू. जिलेबी खाऊन लगेच चहा प्यायलात की चहा बिनसाखरेचा लागतो की नाही? चहात साखर आहे, पण जिभेला आत्ताच त्याच्या दहापट गोड मिळालंय त्यामुळे ती चहातली साखर मोजतच नाही, उरतो तो नुसता तुरटपणा. वाईनचं अगदी हेच होतं. साध्या ड्राय वाईनमध्ये लिटरला ४ ग्रॅमपेक्षाही कमी साखर असते, म्हणजे जवळपास नाहीच, आणि रेड असेल तर वर द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा. त्याआधी गुलाबजाम खाल्ला की झाला काढा. म्हणून यातला पहिला आणि खरं सांगायचं तर एकमेव पक्का नियम असा की वाईन ही पानातल्या गोडापेक्षा जास्त गोड हवी, निदान त्याच्या बरोबरीची तरी. वाढदिवसाच्या केकबरोबर ब्रूट (म्हणजे जवळपास बिनगोड) शॅम्पेन फोडतात ना, फोटोला छान दिसतं, पण क्रीमनंतर ती लिंबू पिळलेल्या सोड्यासारखी लागते ती याच कारणाने.

आता तुम्ही म्हणाल की द्राक्ष एवढं गोड असतं तर वाईन गोड का नसते. नीरा आठवा. सकाळी नीरेच्या स्टॉलवर ग्लासभर प्यायलात तर गारेगार आणि गोड, तीच बाहेर उन्हात ठेवली तर दुपारपर्यंत फसफसायला लागते आणि तिची ताडी होते. यीस्ट नावाचे बारीक जीव साखर खातात आणि तिचं अल्कोहोल करतात, जसजसं आंबत जाईल तसतसा गोडवा कमी आणि चढ जास्त. द्राक्षाच्या रसाचंही तेच, यीस्टला सगळी साखर खाऊ दिली की ड्राय वाईन तयार. मग गोड वाईन करायची तर दोनच वाटा उरतात. एकतर रसात इतकी साखर असू द्यायची की यीस्टचं पोट भरलं तरी ती उरेल, नाहीतर यीस्टला मध्येच पानावरून उठवायचं. जगातल्या बहुतेक डेझर्ट वाईन या दोनातल्या एका वाटेनेच, काही दोन्ही वाटांनी बनतात, बाकी सगळी नावं आणि नखरे.

पहिली वाट कळायला आपल्या तासगावचा बेदाणा पुरे. द्राक्षातलं पाणी कमी झालं की गोडी वाढते, एवढंच. पाणी कमी कसं करायचं ते प्रत्येक देशाने आपापल्या हवेप्रमाणे ठरवलंय. इटलीत घड तोडून चटयांवर नाहीतर टांगून सुकवतात आणि मग रस काढतात, व्हिन सान्तो अशी होते. कॅनडा आणि जर्मनीत द्राक्षं वेलीवरच गोठू देतात, कॅनडात तर उणे ८ अंश किंवा त्याखाली गेल्याशिवाय तोडलेल्या द्राक्षांना आईसवाईन म्हणताच येत नाही, गोठलेली द्राक्षं तशीच दाबतात, पाणी बर्फ होऊन मागे राहतं आणि थेंब थेंब घट्ट पाक बाहेर येतो.

सगळ्यात वेडा प्रकार म्हणजे बुरशीचा. फ्रान्समध्ये बोर्डोच्या दक्षिणेला सोटर्न म्हणून भाग आहे, तिथे सिरोन नावाची छोटी थंड नदी जरा कोमट असलेल्या गारोनला येऊन मिळते आणि शरदात सकाळी धुकं धरतं. त्या ओलाव्यात द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी येते, साल भोकं पाडून सच्छिद्र करते, मग दुपारच्या उन्हात त्यातून पाणी उडून जातं. दिसायला ते घड इतके घाण दिसतात की आपण भाजीवाल्याला परत केले असते. पण आत साखर आटलेली, आंबटपणाही आटलेला, आणि वर मधाचा, जर्दाळूचा, सुंठीसारखा वास. सगळे मणी एकदम तयार होत नाहीत म्हणून तोडणारे एकाच वेलीकडे पुन्हा पुन्हा जातात. शातो दिकेम हे तिथलं सगळ्यात मोठं नाव, बोर्डोच्या वाईनची दर्जावार यादी १८५५ मध्ये झाली तिच्यात सोटर्नमध्ये सर्वात वरचा दर्जा एकट्या त्यालाच मिळाला, आणि त्यांच्याकडे एका वेलीला जेमतेम एक ग्लास वाईन निघते असं म्हणतात. एक वेल, एक ग्लास. किंमत का तशी असते ते आलं लक्षात. हंगेरीची "तोकाई असू" नावाची वाईन ही याच बुरशीची दुसरी लेक, नियमाप्रमाणे तिच्यात लिटरला किमान १२० ग्रॅम साखर लागते. आपल्या नेहमीच्या कोलामध्ये लिटरला शंभरेक ग्रॅम असते, म्हणजे ही कोलापेक्षा गोड, आणि तरी घशाशी येत नाही.

का येत नाही, तर आंबटपणा. मला विचाराल तर डेझर्ट वाईनमधली खरी मेख ही आहे. लोक लेबलवर "स्वीट" शोधतात, मी म्हणते गोडाबरोबर आंबट शोधा. आपल्याला हे काय नवीन आहे? आमटीत गूळ घातला की आमसूल किंवा चिंच घालतोच, नुसता गूळ घातलेली आमटी कोण खाईल. पन्हं घ्या, कैरी नसेल तर ते साखरेचं पाणी. चांगल्या गोड वाईनचा घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं आणि जीभ परत चमच्याकडे जाते, वाईट गोड वाईनचा घोट ओठाला चिकटतो आणि पाणी मागावंसं वाटतं.

म्हणूनच आपल्या नाशिकची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां मला मुंबईतल्या जेवणाला नेहमी सगळ्यात आधी आठवते. शेनिन हे मूळ फ्रान्सच्या लुआर नदीकाठचं द्राक्ष, आणि त्याचा गुण असा की उन्हाळा कितीही तापला तरी ते आपला आंबटपणा सहजी सोडत नाही. नाशिकला युरोपाच्या उलटा कारभार, पावसाळा संपता संपता छाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. लेट हार्वेस्टसाठी घड आणखी काही आठवडे वेलीवरच ठेवतात, मणी सुरकुततात, बेदाण्याच्या वाटेला लागतात, आणि मग तोडतात. नाशिकच्या सुला या वाईन कंपनीची मिळते, अर्ध्या बाटलीत, ३७५ मिलीची. (सुला हे नाव कंपनीचे संस्थापक राजीव सामंतांनी आईच्या नावावरून ठेवलंय, सुलभा वरून सुला, मला हे कळलं तेव्हा उगाच ती वाईन जास्त घरची वाटायला लागली.) रेव्हिलो या दुसऱ्या कंपनीचीही लेट हार्वेस्ट शेनिन येते. दुकानात नुसतं वाईन मागू नका, "लेट हार्वेस्ट" हे दोन शब्द उच्चारा.

दुसरी वाट, यीस्टला अर्ध्या जेवणातून उठवायची. उठवायचं कसं, तर एक म्हणजे गार करून आणि गाळून, नीरा थंड ठेवली की टिकते तसंच. इटलीची मोस्काटो दास्ती अशी होते, जेमतेम ५ टक्के अल्कोहोल, हलके बुडबुडे, पेरूचा-लिचीचा-फुलांचा वास, ज्यांना वाईन आवडत नाही त्यांनाही आवडते. दुसरं म्हणजे आंबत असतानाच त्यात द्राक्षाची कडक दारू ओतायची, एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट मरतं आणि साखर तशीच राहते. ही झाली पोर्ट. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली, साधारण १९ ते २२ टक्के.

आणि इथे मुंबईकरांचा हमखास घोटाळा होतो. आपल्याकडे गोव्याहून येताना जी "पोर्ट वाईन" पिशवीतून आणतात ती वेगळी आणि ही वेगळी. गोव्याची ती गोड रेड वाईन, नाव पोर्तुगीजांच्या आठवणीचं, पिऊन मजा येते, माझ्या आत्याकडे कपाटात कायम एक असते, पण तिची गोडी सरळसोट आहे, चॉकलेट केकसमोर ती ढेपाळते. खऱ्या पोर्टमध्येही दोन घराणी. रुबी म्हणजे लाल, तरुण, जांभळासारखी, डार्क चॉकलेटला हीच. टॉनी म्हणजे लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरून तांबूस झालेली, अक्रोड, खजूर, जळलेल्या साखरेचा वास. पुरणपोळीबरोबर टॉनी घेऊन बघा, गूळ, जायफळ, तूप या सगळ्याशी तिचं जमतं, होळीला माझ्या जावेने आधी नाक मुरडलं होतं आणि मग बाटली स्वतःकडे सरकवून घेतली.

तर कशाबरोबर काय. इथे सरळ यादी देता आली असती पण जेवण यादीप्रमाणे होत नाही, त्यामुळे आधी एकच करा, यजमानांना फोन करून विचारा गोड काय आहे. लाजू नका, मी माहीमला विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. श्रीखंड म्हणाले तर तुम्ही जिंकलात, चक्क्याचा आंबटपणा, केशर, वेलची यांना लेट हार्वेस्ट शेनिन असा जोडा मला अजून दुसरा सापडला नाहीये. आंब्याचं काही असेल, मँगो मूस वगैरे, तर मोस्काटो. फळांचा टार्ट, चीजकेक, कॅरॅमल कस्टर्ड, तरीही लेट हार्वेस्ट. चॉकलेट असेल तर रुबी पोर्ट. मावा केक, अक्रोड, बेबिंका (गोव्याचा थराथरांचा गोड केक) असलं काही वांद्र्याच्या मित्राकडे असेल तर टॉनी. मलई कुल्फी असेल तर स्पेनची पेद्रो हिमेनेझ शेरी म्हणून काळी काकवीसारखी वाईन येते, लिटरला ३०० ग्रॅमच्या वर साखर, ती प्यायची नाहीच, कुल्फीवर चमचाभर ओतायची. मुंबईत शोधावी लागते, पण परदेशातून कोणी येत असेल तर सांगून ठेवा.

राहिले गुलाबजाम, जिलेबी, रसगुल्ले, पाकातले सगळे. इथे मी हात टेकलेत. पाकाला हरवेल अशी वाईन नाही, कोणी काही सांगो. पण मग वाईन न्यायचीच नाही का? न्यायची, फक्त गोडाबरोबर द्यायची नाही. जेवण झालं, गोड यायचंय, मधल्या त्या अर्ध्या तासात गप्पा रंगलेल्या असतात तेव्हा लहान ग्लासात थंड लेट हार्वेस्ट आणि बशीत खारे काजू किंवा ब्लू चीज. फ्रान्सवाले सोटर्न आणि रॉकफोर्ट चीज हेच तर करतात, गोड-खारट. चिवड्यात आपण साखर घालतो आणि मीठही, तेच आहे. मी एकदा भाजणीच्या चकलीबरोबर दिली होती, चकली बेताची तिखट होती, दोन्ही संपलं.

आता दुकान. मुंबईत पाटी "वाईन शॉप" असते आणि आत नव्वद टक्के व्हिस्की आणि बिअर, वाईन बिचारी वरच्या फळीवर ट्यूबलाईटला टेकून उभी. तिथली घेऊ नका. मे महिन्यात त्या फळीवर सहा महिने उकडलेली बाटली आतून शिजलेली असते. जिथे वाईनला वेगळं थंड कपाट आहे त्या दुकानात जा, दहा रुपये टॅक्सीला जास्त गेले तरी. पांढरी गोड वाईन बाटलीतून दिसते, पातळ मधाचा रंग असेल तर ठीक, कडक चहासारखी तपकिरी झाली असेल आणि वर्ष नवीनच असेल तर राहू द्या. विकणारा विचारतो, "मीठी चाहिये क्या मॅडम?" आणि समोर पहिली पोर्ट ठेवतो, तेव्हा त्याला गोड काय खाणार आहात ते सांगा, चांगल्या दुकानात माणूस लगेच ट्रॅक बदलतो.

लेबलवर दोन-तीन गोष्टी बघायच्या. "ड्राय" म्हणजे गोड नाही. "फ्रूटी" म्हणजे फळासारखा वास, गोडच असेल असं नाही, यात मी दोनदा फसलेय. बुडबुडेवाल्या वाईनवर "एक्स्ट्रा ड्राय" लिहिलेलं असलं तर गंमत म्हणजे ती ब्रूटपेक्षा किंचित गोड असते, आणि खरंच गोड हवी असेल तर "डेमी-सेक" बघायचं. मग अल्कोहोलचा आकडा. ५-६ टक्के असेल तर यीस्टला लवकर उठवलंय, साखर उरलेली असणार. १८ च्या वर असेल तर दारू घालून थांबवलंय, बहुतेक गोड, पण शेरी कडक कोरडीही असते तेव्हा तिथे विचारून घ्या. मधल्या आकड्यांवरून काही कळत नाही. बाहेरच्या बाटल्या महाग का म्हणाल तर वर्षानुवर्षं वाईनवर १५० टक्के आयात शुल्क होतं आणि वर राज्याचे कर, त्यामुळे तिथली साधी बाटली इथे येईपर्यंत लग्नातल्या आहेराएवढी होते. कॅलेंडरही बघा, २ ऑक्टोबरसारखा ड्राय डे असला तर आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. वाईनला वय २१ लागतं आणि परवाना कायद्याने लागतो, एका दिवसाचा दुकानातच फाडून देतात.

किती न्यायची? अर्धी बाटली. खरंच. डेझर्ट वाईन ग्लास भरून प्यायची नसते, ५०-६० मिली, म्हणजे छोटा कटिंग ग्लास अर्धा, त्यामुळे ३७५ मध्ये सहा-सात माणसं आरामात होतात. लोकांना अर्धी बाटली नेणं कंजूषपणा वाटतो, मला वाटत नाही, पण वाटत असेल तर सोबत काजूचं पाकीट न्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थंड. गोड पांढरी वाईन कोमट प्यायली की सरळ साखरपाणी, थंडाव्याने तिचा आंबटपणा ताठ उभा राहतो. ६ ते १० अंश हवी आणि आपण तिला अंधेरीहून लोकलने दादरला नेतोय, ऑक्टोबरमध्ये. मी आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये ठेवते, निघताना ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आईस्क्रीमच्या त्या चंदेरी पिशवीत. पोचल्यावर यजमानांच्या फ्रीजमध्ये जागा नसतेच, आठ जणांचं जेवण आणि कोशिंबिरीचं पातेलं. तेव्हा कुल्फीवाल्याची युक्ती, एका खोल पातेल्यात बर्फ, थोडं पाणी आणि मूठभर खडे मीठ, त्यात बाटली मानेपर्यंत उभी करून मधून मधून फिरवायची, दहा-पंधरा मिनिटांत दातांना लागेल इतकी थंड. नुसत्या बर्फात ठेवून हे होत नाही, पाणी हवंच, बर्फाच्या खड्यांमध्ये हवा असते आणि पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं. टॉनी पोर्ट मात्र इतकी गार नको, फ्रीजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवा. आणि बूच असेल तर ओपनर पर्समध्ये टाका, मी एका घरी चमच्याच्या दांड्याने बूच आत ढकललेलं पाहिलंय आणि मग सगळ्यांनी चहाच्या गाळणीतून वाईन प्यायली.

यंदा मैत्रिणीने परत बोलावलं. मी आधी फोन केला, श्रीखंड होतं, लेट हार्वेस्ट नेली, बर्फ-मिठाचं पातेलं काकांनीच हौसेने सांभाळलं. पहिला घोट घेऊन ते काही बोलले नाहीत, श्रीखंडाचा एक चमचा खाल्ला, परत घोट घेतला आणि सुनेला म्हणाले, "ही औषधाची नाही वाटतं."

उरली तर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये, लेट हार्वेस्ट चार-पाच दिवस चांगली राहते, टॉनी तीन-चार आठवडे. आणि ती यजमानांच्याच फ्रीजमध्ये ठेवायची, घरी आणायची नाही, निघताना तिच्याकडे कितीही वळून बघावंसं वाटलं तरी.